पडकी भिंत आणि गावसभा

"तू बाजूला हो! माझी भिंत, माझं घर, मी चिखल कालवतो नाही तर त्यात लोळतो!"

होडीवाला फावडं घेऊन परसात उभा, अन् त्याची बायको त्याच्यापुढं हात पसरून. आमची अन् त्यांची एकच सामाईक भिंत, त्यामुळं भांडण ऐकायला आम्हाला कान लावावा लागत नाही.

"बांधाल अन् उद्या पंचायत येऊन पाडेल. दोनदा चिखल कालवायची हौस आहे का?"

"मग आईला कुठं निजवू? तुझ्या मागावर?"

झडीच्या पावसात मागची खोली बसली. त्या खोलीत त्याची आई निजायची. म्हातारी वाचली ती फक्त शेजारणीकडं गप्पा छाटत बसली होती म्हणून. आता तिची खाट पुढच्या खोलीत, चटयांच्या मागाला खेटून. सुनेचा माग दिवसभर ठकठक करायचा, सासू रात्रभर खोकायची, अन् दोघी एकमेकींना झोप देत नव्हत्या.

या बाईला गाव फौजदारीण म्हणायचं. चटया विणायची, पण आवाज असा की पाणथळीतले बगळे उडावेत. गावाच्या खालच्या अंगाला ती पाणथळ. चटयांची पाती तिथल्या पाणकणसाची, त्यावरच हिची चूल, अन् नवऱ्याची होडीही तिथंच. मागं गावातल्या एका ठेकेदारानं गोदामासाठी पाणथळीच्या कडेला मुरूम टाकायला सुरुवात केली. पाण्याला पसरायला जागा उरली नाही, ते शिरलं खालच्या आळीत. आमच्या घरात भांडी तरंगली. तेव्हा हीच घरोघर फिरली, लोकांना हाताला धरून सभेत नेलं, अन् ठराव करून घेतला : पाणथळीच्या शिवेआत गावसभेच्या मंजुरीशिवाय पाया घालायचा नाही. ठेकेदाराचं काम बंद पडलं. पण त्या शिवेआत फौजदारणीचं घरही होतंच. तेव्हा भिंत उभी होती, कोण विचार करतो?

ती पंचायतीत गेली. कारकून म्हणाला, "मावशी, भिंत उभी असती तर दुरुस्ती. पडली म्हणजे नवं बांधकाम."

"मग पडायच्या आधी यायचं होतं? भिंतीनं मला सांगून पडायला हवं होतं?"

"नियम आहे."

"नियम मला शिकवू नको. तो मीच आणलाय!"

"तेच तर म्हणतो मी," कारकून म्हणाला अन् चहा ढवळायला लागला.

त्यानं तालुक्याला पाठवलं. तालुक्यातला साहेब म्हणाला, आधी गावाची मंजुरी आणा. गावात आली तर सरपंच म्हणे, आधी साहेबाची पाहणी होऊ द्या. पाहणीला साहेब आला तो गाडीतून उतरलाच नाही. बुटाला चिखल लागेल म्हणून काचेतूनच पाहून गेला. सभा बोलावली तर माणसं जमली नाहीत. पुन्हा बोलावली तर सरपंचच लग्नाला गेलेले. होडीवाला रोज संध्याकाळी विचारायचा, "झालं का गं?" मग त्यानं विचारणंच सोडलं. ते तिला जास्त लागलं.

शेवटी सभा भरली. शाळेच्या खोलीत आम्ही पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. तिनं सगळं सांगितलं. अन् मागून ठेकेदार उठला.

"वहिनींना मंजुरी द्या," तो म्हणाला. "म्हातारं माणूस उघड्यावर पडलंय. माणुसकी आहे की नाही?"

लोक एकमेकांकडं बघायला लागले. लांडगा शेळीची कड घेतोय म्हटल्यावर शेळीनंच सावध व्हायचं असतं.

"तुला माझा एवढा पुळका कशानं आला?" तिनं विचारलं.

"पुळका कसला? माझा अर्ज तुमच्या मागंच आहे. नियम सगळ्यांना सारखा, एवढंच माझं म्हणणं."

"माझी भिंत अन् तुझं गोदाम सारखं?"

सरपंचांनी घसा खाकरला. "बाई, सूट द्यायची तर दोघांना, नाही तर कुणालाच नाही. एकाला दिली तर दुसरा कोर्टात जाईल. तुमचं काम होतंय ना? मग हात वर करू या."

हात वर जायला लागले. तिच्या मायेपोटीच जात होते. खरं सांगतो, माझाही अर्धा वर गेला होता. तिचा नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "बस खाली. झालं आपलं."

ती बसली नाही. बाकाची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. चेहरा असा, की आता रडेल नाही तर कुणाच्या तरी कानाखाली वाजवेल.

"माझा अर्ज मी मागं घेते," ती म्हणाली. "हात खाली करा सगळे. आता त्याचा घ्या, अन् ज्याला घरात भांडी तरंगवायची असतील त्यानं हात वर करावा."

एक हात वर झाला, ठेकेदाराच्या मेहुण्याचा. तोही बहिणीनं डोळे वटारल्यावर खाली आला.

जिंकली म्हणायची ती. पण घरात पाय टाकताच होडीवाला पेटला. "गावासाठी केलंस! मग सांग गावाला, माझ्या आईवर छप्पर धर म्हणून! आता काय, ठराव पांघरायला देऊ तिला?"

"मला काय आनंद झालाय का? सूट दिली असती तर पुढच्या पावसाला तुमची आई खाटेसकट वाहून गेली असती! म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो, कळतं का तुम्हाला?"

खाटेवरून आवाज आला, "म्हातारी अजून मेली नाही गं बाई! तिला आधी पाय पसरायला जागा दे."

फौजदारणीनं मागाचं एक टोक धरलं. नवऱ्यानं शिव्या घालत दुसरं टोक धरलं. माग दारातून निघेना, म्हणून चौकटीची एक फळी उपटावी लागली. ती मी उपटली.

आता ती अंगणात विणते. ढग आले की ताडपत्री ओढते, ढग गेले की काढते, अन् प्रत्येक वेळी सरपंचांच्या सात पिढ्या उद्धारते. आत म्हातारी पाय पसरून झोपलेली असते.