वाणाची वाटी मातीत

ज्ञानदाची चूक एकच झाली. तिने वाटी सुंदर केली.

एरवी बाई हुशार. जयपूरच्या एका विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. प्रयोगशाळेत जनुकांची अदलाबदल करून तिने असे जिवाणू तयार केले होते की, प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या विरघळवून केलेला रस ते मिटक्या मारत प्यायचे आणि अंगावर चरबी चढवायचे. ती चरबी काढून घेतली की तिचंच नवं प्लास्टिक व्हायचं. दिसायला नेहमीसारखंच, पण ओल्या मातीत घातलं की मातीतले साधेसुधे जंतू ते फस्त करायचे. आपणही जन्मभर खाऊन चरबीच साठवतो, पण तिची कोणी वाटी केल्याचं ऐकिवात नाही.

प्रकल्पाला पैसे देणाऱ्या दिल्लीच्या समितीला मात्र प्रयोगशाळेतलं कौतुक पुरेना. साध्या घरात, साध्या कुंडीत, साध्या माणसांच्या हातून वस्तू विरघळून दाखवा, म्हणाले. नवरात्राच्या आधी दाखवली नाही तर प्रकल्प बंद, आणि जिवाणूंची रवानगी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरच्या थोरल्या भावाकडे. ज्ञानदा दिवाळीच्या दिवशीसुद्धा त्यांना खायला घालायला जायची. ते शिजणार या कल्पनेने ती घरचा कुकरसुद्धा लावेना.

साधी घरं कुठून आणायची? तोडगा नवऱ्याने काढला. अभिजित बँकेत, बदलीवर जयपूरला आलेला. "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाटी वाण म्हणून लूट," तो म्हणाला. "पण जरा बरी दिसू दे. भुरकट दिलीस तर बायका तोंडावर हसतील." म्हणून ज्ञानदाने वाटीवर इथल्या निळ्या भांड्यांसारखी नक्षी उमटवली. वर मोर काढला. मोर काढायला नको होता.

मराठी मंडळाच्या बायकांनी वाटी हातात घेतली आणि गच्चीवरचा पतंग उडवणाऱ्यांचा आरडाओरडाही कोणाला ऐकू येईना. मंडळ चालायचं मधुमतीकाकूंच्या तर्जनीवर. काकू मूळच्या सांगलीच्या, काका विमा कंपनीतून निवृत्त, घर जयपूरच्या सोडाला भागात. त्यांनी वाटी उलटसुलट करून पाहिली.

"कशाची गं ही?"

"जंतूंच्या चरबीची."

काकूंनी तिळगुळाचा घास गिळला. "दिसत नाही हो तसं!"

ज्ञानदाने सगळ्यांना नीट समजावलं: थोडे दिवस वापरा, मग कुंडीत पुरा, पाणी घाला. होळी झाल्यावर तिने फोन केले. एकीनेही पुरली नव्हती. प्रणिता जयपुरातच वाढलेली, ती म्हणाली, "भाभी, सवाष्णीचं वाण मातीत? मतलब, अपशकुनच ना तो?" तिची वाटी शोकेसमध्ये, ताजमहालाच्या शेजारी होती.

ज्ञानदा काकूंकडे धावली. काकू पुरणपोळ्या लाटत होत्या. "वाण पुढच्या वर्षी दुसरीच्या गळ्यात मारायचं असतं," त्यांनी शास्त्र सांगितलं. "पुरायचं नसतं." ज्ञानदा काही रडूबाई नव्हे, पण ऑटोक्लेव्हचं सांगताना तिचा बांध फुटला.

काकूंनी गॅस बंद केला. "मारून टाकणार? तू वाढवलेले जंतू?"

"हो."

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर फर्मान निघालं: सगळ्यांनी वाट्या पुरा, मी पुरली. लगोलग ओल्या कुंड्यांचे फोटो यायला लागले. ज्ञानदाला इतका आनंद झाला की, मातीखाली काय आहे हे विचारायचं तिला सुचलंच नाही.

भाद्रपदात समिती आली. सतीशजी नावाचे दिल्लीचे गृहस्थ आणि एक मुका सहकारी. पहिली कुंडी प्रणिताची. सतीशजींनी खुरपं घातलं आणि मातीतून एक गुलाबी साबणदाणी निघाली. नुकती न्हाऊन आल्यासारखी टवटवीत.

"प्रणिता, वाटी कुठाय?" ज्ञानदाने विचारलं.

"ती कशाला घालायची, भाभी? एवढी सुंदर! तुमचे जंतू प्लास्टिकच खातात ना? मग माळ्यावरची ही दिली त्यांना. त्यांना थोडंच मोर कळणार आहे?"

बाटल्या खाणारे जिवाणू प्रयोगशाळेत असतात, कुंडीत नसतात, हे आता सांगून काय उपयोग? मीनाक्षीच्या कुंडीतून चहाची गाळणी निघाली. तिच्या जावेच्या कुंडीत डब्याचं नुसतं झाकण, कारण डबा अजून चांगला होता. जयपुरातल्या मराठी माळ्यांची अशी साफसफाई कित्येक वर्षांत झाली नव्हती. सतीशजी एकेक वस्तू वहीत टिपून घेत होते.

शेवटची कुंडी काकूंची. सतीशजींनी ती तळापर्यंत उकरली. नुसती माती.

"इसमें तो कुछ है ही नहीं."

"अहो, गायब होने के लियेच तो डाली थी!" काकू कडाडल्या.

"या फिर डाली ही नहीं?"

ज्ञानदाला स्वतःची लाज वाटली, पण तिच्याही मनात तेच आलं होतं. ती खाली बसली, मातीत दोन्ही हात घातले आणि एकेक ढेकूळ फोडत गेली. जास्वंदीच्या मुळांमध्ये बोटाला काहीतरी पातळ लागलं. नखाएवढा तुकडा, कडा कुरतडलेल्या, वर मोराच्या पिसाऱ्याचा निळा डाग. तिने हलकेच दाबला तर पापडासारखा चुरला.

सतीशजींनी चष्मा लावला. चुरा पिशवीत भरून घेतला, वर चार मुठी माती घेतली. मग म्हणाले, "एक साल और देते हैं. लेकिन मॅडम, अगली बार बदसूरत बनाइए."

ज्ञानदाला काकूंना मिठी मारायची होती. सगळ्या मंडळात एकीने, एकट्या या बाईने, तिच्या शब्दावर सवाष्णीचं वाण मातीत घातलं होतं. तिचे डोळे भरून आले. काकू मात्र उकरलेल्या कुंडीकडे टक लावून उभ्या होत्या.

"खरंच खाल्ली की गं," त्या पुटपुटल्या.

"खाणारच होते, काकू. मी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस. पण मला काय ठाऊक तू खरं बोलतेयस?" काकूंचा आवाज चढला. "म्हटलं, पोरगी रडतेय, समिती येऊन जाईपर्यंत घालू मातीत. नंतर धुऊन ठेवेन शोकेसमध्ये! आता सगळ्या भवान्यांकडे वाट्या आहेत आणि माझ्याकडेच तेवढी नाही!"