तेजरामचं टिकीट

कवडू टिकिटाच्या खिडकीवरून दोन टिकिटं घेऊन आला तवा मी त्याच्यावर खेकसलीच. "अक्कल गहान टाकली का रे? जानारी मी एकटी. दुसरं कोनाचं?"

तो खाली मान घालून म्हने, "तेजरामचं, काकी. त्याले काहाले बिनाटिकीट न्याचं?"

मंग मी दोनी टिकिटं कमरेले खोसली. भिलाईच्या टेसनावर उभी होती, हातात लाल फडक्यात बांधलेलं गाडगं होतं, अन् त्या गाडग्यात माहा बावीस वर्षांचा पोरगा होता.

तेजराम माहा एकुलता. बाप गेला तवा तीन वर्षांचा. दोन सालांपासून इथं कारखाना बांधाच्या कामावर खलाशी होता, म्हनजे दोर लावून लोखंड वर चढवाचं काम. कवडू आमच्याच गावचा, त्याच्याच खोलीत राहे. तेजरामले कावीळ झाली. अकरा दिवस. तार गावी पोचली, मी गावाहून भिलाईले पोचली, तोवर सारं आटपलं होतं. अग्नी कवडूनं देला. तोंडबी पाहाले भेटलं नाई मले. तिसऱ्या दिवशी त्यानं अस्थी वेचल्या अन् गाडगं खोलीमागच्या बाभळीले टांगून ठेवलं, कावून का अस्थी छपराखाली आनत नाई. त्या गावी नेऊन वैनगंगेत सोडाच्या होत्या. चार रात्री मी त्या बाभळीखाली बसून काढल्या. डोळ्याले डोळा लागला नाई. रडूबी आलं नाई. बाया म्हनत, रडून घे वो रुक्माबाई. मी म्हनो, तुमीच रडा. मले काहीच वाटत नव्हतं. लाकूड झालं होतं माहं.

गाडी यायच्या आधी कवडूनं पुन्हा एकदा समजावलं. "काकी, गाडगं खाली टेकवाचं नाई. मागं वळून पाहाचं नाई. अन् हरेक टेसनाले, हरेक नदीले त्याले सांगाचं, चाल बापू, अमकं आलं. नाई सांगतलं तर मानूस तिथंच राहून जाते."

"मले शिकवतं काय? माह्या मायनं माह्या आज्याले असंच नेलं होतं अलाहाबादेपर्यंत."

"तसं नाई काकी. तुमी चार दिवसांच्या जागल्या हायेत. म्हनून म्हनलं."

"मेली तरी नाई झोपनार," मी म्हनलं. उचलली जीभ, लावली टाळ्याले.

गाडी हालली. तेजराम दर चिठ्ठीत लिहे, आई, इथं एक धुराडं बांधून राहिले, तुले दाखवाले आनीन, मान मोडते वर पाहता पाहता. येताना मी त्या धुराड्याकडे पाहलं नव्हतं, मनच नव्हतं. आता पाहावं वाटलं तर ते मागं राहलं होतं, अन् मागं पाहाचं नव्हतं. राहून गेलं.

दुर्गले डब्यात ही गर्दी! एक बाई दोन पोरी घेऊन चढली. सातवा-आठवा महिना असंल तिले, पोट सांभाळत माह्या समोरच बसली. नवरा खिडकीतून सामान आत लोटत सांगे, "रत्नमाला, गोंदियाला तुझा भाऊ येईल घ्यायला, घाबरू नको." मोठी पोरगी आठेक वर्षांची, जया. लहानी पाचेक वर्षांची, तिले बेबी म्हनत. दुर्गचेच जुने लोक दिसत, बोलनं शिकलेल्या मानसांसारखं, अन् पोरींची अर्धी हिंदी.

मी पदर वढून गाडगं झाकलं. पोटुशी बाईसमोर अस्थी! माहीत झालं असतं तर तिनं बोंबलून डबा डोक्यावर घेतला असता, अन् तिचं चुकलंबी नसतं. उठून दुसरीकडे जावं तर पाय ठेवाले जागा नव्हती. मी खिडकीकडे तोंड केलं अन् हळूच म्हनलं, "चाल बापू, उठ. दुर्ग आला."

"आजी, कौन है उसमें?" बेबी लगेच.

"कोनी नाई."

"तुम्ही बोलत होत्या ना, उठ म्हणून?"

"तोंड आवर, पोट्टे."

तिनं तोंड आवरलं, पन डोळे नाई आवरले. रसमड्याले मी पुटपुटली, तिनं पाहलं. मुढीपारले पुटपुटली, तिनं मोठ्या बहिनीले कोपर मारलं. मंग टी.सी. आला. त्याले दोनी टिकिटं देली.

"दुसरी सवारी किधर है?"

काय सांगू? मी मांडीकडे पाहलं. त्यानं लाल फडकं पाहलं. बाप्पा, आता हा ओरडते, मी म्हनलं मनात. पन त्यानं दोनी टिकिटांले चिमटा मारला, माहं एका हातानं देलं, अन् दुसरं दोनी हातांनी. अन् पुढं गेला.

"फुल टिकट!" जया बहिनीच्या कानात, पन साऱ्या डब्याले ऐकू जाईल असं. "आपला तर हाफ आहे."

"छोटा है और फुल टिकट?"

"झोपतो खूप ना, म्हणून असेल," जयानं निकाल देला.

मले वाटलं हसू येईल. नाई आलं. त्यांची माय मात्र खिडकीबाहेर पाहाले लागली होती. माह्या ध्यानात आलं नाई तवा.

परमालकश्याच्या पुढं बेबीनं आपल्या मुठीतले मुरमुरे आनून लाल फडक्यावर ठेवले. "भूख लगी होगी."

"हात लावू नको!" मी अशी वरडली की पलीकडच्या बाकावरचा म्हातारा दचकून जागा झाला. पोरीनं भोकाड पसरलं. तिची माय मले काही बोलली नाई, पोरीले पोटाशी घेतलं. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडाले तरी जागा राहते. मी मुरमुरे एक एक करून उचलले. फेकता येईनात. पदराच्या गाठीत बांधले.

राजनांदगाव आलं. मी म्हनलं, "उठ बापू, राजनांदगाव आलं." अन् समोरून रडून बसलेला बारीक आवाज, "उठो, राजनांदगाव आया."

मी पाहलं. नाकातून शेंबूड, गालावर पानी, अन् बाई माही हजर.

"उठता क्यों नहीं?"

आता लेकराले काय सांगाचं? "झोप पक्की हाये त्याची."

"मग उठवता कशाला?" ही जया. तिले सारं हिशोबात लागे.

"टेसन माहीत असाले पाह्यजे त्याले. नाई तर मागं राहून जाईल."

"गाडीतच आहे ना तो. मागं कसा राहील?"

"राहते," मी म्हनलं. "झोपेत राहून जाते मानूस. मंग त्याले घर भेटत नाई."

मंग जया म्हने, "मला सगळे स्टेशन पाठ आहेत. मामाकडे जातो ना आम्ही. बाकल, मुसरा, जटकन्हार, डोंगरगड, पनियाजोब, बोरतलाव, मग बोगदा, मग दरेकसा." पाढे म्हनावे तशी बोटं मोडत गोंदियापर्यंत गेली.

"बोगदे में अंधेरा होता है," बेबी म्हने. "उसको डर लगता है?"

तेजराम दहा वर्षांचा होईपर्यंत रातच्याले माहा पदर धरल्याशिवाय परसात जात नव्हता. मी त्याले चिडवो, मोठा वाघ हायेस. अन् तोच पोरगा तीन ताड उंच लोखंडावर चढून काम करे. पन अंधाराले भ्या होताच, कवडू सांगे, खोलीत दिवा बारीक करून ठेवाले लावे.

"हव," मी म्हनलं. "लागते. पदर धरते मंग."

हे मी कोनालेच सांगतलं नव्हतं. त्या पोट्टीले कावून सांगतलं, मलेच ठाव नाई. बाकल, मुसरा, जटकन्हार, तिघीनं मिळून त्याले सांगतलं. डोंगरगड आला. डोंगरावरच्या देवीले दुरूनच हात जोडले, अन् म्हनलं, "बापू, डोंगरगड आला, पाय पड." तेवढं मले आठवते.

त्याच्यापुढचं आठवत नाई.

"चाय गरम! चाय!" ह्या आवाजानं डोळे उघडले तर गाडी उभी. भला मोठा फलाट. हमाल धावून राहिले. गोंदिया.

डोंगरगड ते गोंदिया! बोगदा गेला! एकबी टेसन सांगतलं नाई मी. माहा पोरगा तिकडे अंधारात राहला, पदर सोधून राहिला असंल, अन् मी इथं माय म्हनवून घोरून राहिली! मांडी चाचपली तर गाडगंबी नाई.

"गाडगं! कोनं नेलं? वो बाई, उलटी गाडी कवा हाये? मले वापस जाचं हाये, मले बोगद्याले जाचं हाये..." काय बोलली काय नाई. लोक पाहाले लागले. पहिल्यांदाच चार दिवसांत मले काही वाटलं, अन् ते असं वाटलं की कोनी छातीतून हात घालून काळीज पिळलं.

"मावशी. मावशी, इकडे बघा."

रत्नमाला. गाडगं जयाच्या मांडीवर होतं, तिनं दोनी हातांनी कवटाळलेलं, अन् खालून रत्नमालेचा हात आधाराले लावलेला, आपल्या पोटाजवळ.

"तुमच्या हातून सुटत होतं. खाली टेकू नये ना? म्हणून धरलं."

"बाई, सोडा वो ते. तुमाले माहीत नाई त्याच्यात काय हाये."

"माहीत आहे," ती हळूच म्हने, पोरींले ऐकू न जावं असं. "त्या टी.सी.नं तिकीट दोन्ही हातांनी दिलं, तेव्हाच कळलं."

"अन् तरी? अशा अवस्थेत?"

"घाबरले मी, खोटं कशाला बोलू. एक मन म्हणत होतं, पोरींना घेऊन दुसऱ्या डब्यात जावं. पण कुणी तरी धरायला पाहिजे होतं ना, मावशी. पडू कसं द्यायचं?"

मंग बोगदा आठवला. "पन तो राहला ना बाई! मी झोपली. सहा टेसनं गेली."

"नहीं राहिला," जया म्हने, जशी काई मी येडीच हाये. "आम्ही सांगितलं ना. पनियाजोबला मी सांगितलं, बोरतलावला मी. दरेकसा, सालेकसा मी. आमगाव बेबीनं, ती ऐकतच नव्हती. गुदमा दोघींनी."

"अन् बोगदा?" मी म्हनलं.

बेबी पुढं झाली. "बोगदे में मैंने बताया. अंधेरा हो गया तो मैंने बोला, डर मत, मैं हूँ, पल्लू पकड." अन् तिनं आपल्या झग्याचं टोक दाखवलं. ते लाल फडक्याच्या गाठीत खोचलेलं होतं, अजूनबी. सोडलंच नव्हतं तिनं.

मी ती गाठ सोडवाले गेली. सुटेना. रत्नमालेनं सोडवली, गाडगं माह्या मांडीवर ठेवलं. तेवढ्यात तिचा भाऊ खिडकीशी आला, सामान काढा, उतरा, घाई झाली. मी बेबीच्या डोक्यावर हात ठेवला तर केस तेलानं चिपचिपीत होते. तिले खाली उतरवून घेतलं त्याच्यात माहा हात घसरून गेला.

रत्नमाला दारातून वळली. "मावशी, पुढं किती आहे?"

"तुमसर रोड. वैनगंगेचा पूल ओलांडला की झालं. बाळंतपन सुखरूप होऊ दे वो बाई. माहं काही लागलं असंल तुमाले तर माह्यावर येऊ दे."

"काही लागत नाही," ती म्हने.

गाडीनं शिटी मारली. बेबी मामाच्या कडेवरून खिडकीशी झुकली. टाटा केलं ते मले नाई, गाडग्याले केलं. मंग माह्याकडे बोट रोखून म्हने, "अब तुम बताना. सोना मत."

"नाई झोपत," मी म्हनलं.

गंगाझरीले सांगतलं. काचेवानीले सांगतलं. तिरोड्याले सांगतलं, अन् आता हळू नाई, सरळ मोठ्यानं, कोनाले आयकाचं त्यानं आयकावं. समोर नवीन चढलेला एक शेतकरी होता, त्यानं टोपी काढून हातात घेतली. मले भूक लागली होती. चार दिवसांची. पदराची गाठ सोडली अन् ते सादळलेले मुरमुरे तोंडात टाकले.

मंग चाकांचा आवाज बदलला, पूल लागला, खाली पानी. मी तोंड उघडलं, अन् शब्दाच्या आधी रडूच फुटलं. मोठ्यानं रडली, वरडून रडली, गाडगं छातीशी धरून. त्या शेतकऱ्यानं पानी देलं, कोनी म्हातारी पाठीवर हात फिरवाले लागली. मी रडता रडताच सांगतलं, "तेजराम, वैनगंगा आली, बापू. आपलं पानी आलं. आता उतराचं हाये."

पूल संपेपर्यंत सांगतच होती. पोट्टीनं बजावलं होतं, सोना मत. मी नाई झोपली.