तिसरं कोटेशन

आमच्या घरात तीन कोटेशनं आल्याशिवाय काहीही येत नाही. फ्रीज तसाच आला, पडदे तसेच आले आणि जावईही तसाच आला. जावयाच्या वेळी दोनच स्थळं चालून आली होती, तर यांनी तिसरं येईपर्यंत मुलीला दोन महिने ताटकळत ठेवलं. चौतीस वर्षं सरकारी कचेरीच्या खरेदी विभागात काढलेल्या माणसाशी संसार करायचा म्हणजे एवढं चालायचंच. हे निवृत्त झाले तेव्हा खुर्ची कचेरीत राहिली, विभाग मात्र आमच्या जेवणाच्या टेबलावर आला.

अशा माणसासमोर मी एक दिवस चहा पिताना बोलून गेले की यंदा मला देवस्थानाला पायी जायचंय. चूक माझीच. ताई तरुणपणी चालत जाऊन आली होती. शेवटच्या आजारात तिने आपली काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, एकदा तू जाऊन ये. मी हो म्हटलं. त्याला अकरा वर्षं झाली. आधी नोकरी, मग नातवंडं, मग आज-उद्या. यंदा गुडघ्यानेच हात टेकले. डॉक्टरांनी दोन महिन्यांनंतरची ऑपरेशनची तारीख दिली आणि सांगितलं, त्यानंतर लांबचं चालणं विसरा. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. यात न कळण्यासारखं काही नव्हतं.

यांना कळलं. त्यांनी फाइल उघडली. विषय : पायी यात्रेकरिता मार्ग निश्चित करणेबाबत.

रस्ते दोन. एक किनाऱ्याने जातो : सपाट, पण वाळू, सावलीच्या नावाने शंख, वाटेत दोन खाड्या होडीने ओलांडायच्या, एकोणीस दिवस. दुसरा आतून जातो : झाडं आहेत, विहिरी आहेत, पण मध्ये दोन घाट, सोळा दिवस. दुसऱ्या कुणीही नाणं उडवलं असतं आणि चपला घातल्या असत्या. यांनी तक्ता आखला. ऊन, चढ, वाळू, भटकी कुत्री, सगळ्यांना त्रासाचे गुण. ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो मार्ग मंजूर. नुसत्या कुत्र्यांच्या रकान्यात आठवडा गेला. होडीच्या वेळा कळाव्यात म्हणून होडीवाल्याला पत्र गेलं. होडीवाला कशाला उत्तर देतोय, म्हणून मग स्मरणपत्र गेलं. मी रोज सकाळी गच्चीवर ताईची काठी टेकत फेऱ्या मारायचे, आणि रोज एक फेरी कमी व्हायची.

महिन्याभराने तक्ता पुरा झाला, तेव्हा यांना मुख्य अडचण सापडली. रस्ते दोनच होते.

यावर कचेरीत एक सोय असते. तिसरं कोटेशन मिळत नसेल तर ते तयार करायचं. ठरलेल्याच दुकानदाराच्या मेहुण्याच्या नावाने, वेगळ्या कागदावर, सगळ्यात चढ्या दराचं. ते हरायलाच जन्माला आलेलं असतं. साहेबालाही ठाऊक, शिपायालाही ठाऊक, पण फाइल पूर्ण दिसते. यांनी तसाच एक ‘मधला मार्ग’ तयार केला. दोन दिवस दार लावून तो भरत बसले, आणि तिसऱ्या दिवशी हिरव्या शाईने सही करून मला कागद दिला. मधला मार्ग मंजूर झाला होता. पंधरा दिवस, चढ नाही, वाळू नाही, दर किलोमीटरला बसायची सोय, जागोजागी पाणी, अखंड सावली.

मी वेडी, मला आनंद झाला. मी पिशवी भरली, मुलीला फोन केला आणि नाव नोंदवायला यात्रेकरूंच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी कागद वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि हा रस्ता कुठून जातो असं मलाच विचारलं. मग त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं.

"मधोमध धरण आहे, काकू. पोहत जाणार का?"

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात राख गेली होती. मी फाइल यांच्यापुढे आपटली आणि जे तोंडाला येईल ते बोलले. माझ्याकडे पंचवीस दिवस उरलेत आणि तुम्ही मला पाण्यातून रस्ता मंजूर करून देताय. चौतीस वर्षांत खोटं कोटेशन जिंकल्याचं कधी ऐकलंय का, असंही विचारलं. यांनी चष्मा काढून पुसला.

"डॉक्टरांना मी एकटा भेटलो होतो," ते म्हणाले. "त्यांच्या मते तुला चढही झेपणार नाही आणि वाळूही. दोन्ही रस्त्यांवर तू आठवड्याच्या आत बसशील. मी तिसरं कोटेशन हरण्यासाठीच भरत होतो गं. पण प्रत्येक रकान्याला तुझा गुडघा डोळ्यांपुढे यायचा, आणि हात वाईट आकडा लिहीचना. मग बेरीज केली तर तेच सगळ्यात कमी. नियम म्हणजे नियम."

राग आला होता तो जाईना, आणि रडूही आवरेना. एवढ्या वर्षांत या माणसाने मला एक धड गोड शब्द ऐकवला नव्हता, आणि ऐकवला तो असा, तक्त्यातून. मी त्यांचं हिरवं पेन घेतलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : कमी गुणांचा मार्ग नाकारण्याचे कारण, मार्ग अस्तित्वात नाही. अर्जदार उद्या सकाळी किनाऱ्याने निघत आहे. शेरा खाडाखोड न करता लिहिलाय ना, हे त्यांनी आधी पाहिलं आणि मग खाली सही केली.

सकाळी दाराशी हे माझ्याआधी तयार होते. पाठीला घडीचं स्टूल बांधलेलं, खांद्याला पाण्याच्या चार बाटल्या, हातात दुकानाबाहेर लावतात तेवढी मोठी छत्री. मी म्हटलं, हे काय प्रदर्शन मांडलंय. ते म्हणाले, "मंजूर झालेल्या सोयी पुरवायला लागतात."

तेव्हापासून तसंच चाललंय. दर किलोमीटरला हे पुढे होतात, वाळूत स्टूल मांडतात, छत्री धरतात, पाणी देतात आणि वहीत खूण करतात. मागून येणारे यात्रेकरू हसत पुढे जातात. एका मुलीने तर आमचा फोटो काढला. हे छत्री सरळ करून उभे राहिले.

सहाव्या दिवशी पहिली खाडी लागली. तक्त्यात ती तिसऱ्या दिवशी होती. गुडघा सुजून घट्ट झाला होता. हिशेब करायला मला रकाने लागत नाहीत : या चालीने देवस्थान बत्तीस दिवसांवर होतं आणि ऑपरेशन एकोणीस दिवसांवर. मी काठी आडवी ठेवली आणि म्हटलं, चला परत, झालं तेवढं खूप झालं. ताईला काय सांगायचं ते मी बघेन.

होडीची वाट बघणाऱ्या लोकांपासून जरा लांब जाऊन यांनी फोन लावला. दोन मिनिटांत परत आले.

"ऑपरेशन दीड महिना पुढे ढकललंय," ते म्हणाले. "डॉक्टर चिडले. चिडू देत."

मी विचारलं, "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

एकाही कोटेशनशिवाय. त्यांनी वही पिशवीत टाकली, स्टूल पाठीला बांधलं आणि होडीत चढायला मला हात दिला. होडीवाल्याने स्टूल, छत्री, वही असा सगळा सरंजाम बघून यांना विचारलं, ते पत्रं पाठवणारे तुम्हीच का. हे हो म्हणाले. तो म्हणाला, मला वाचता येत नाही.