वर्गातून वाहणारी कृष्णा

"मानवजातीचं सगळं ज्ञान एका प्रश्नातून जन्माला आलं," असं प्राध्यापक चिंतामण गोखले म्हणाले आणि प्रश्नाची वाट पाहत थांबले. साताऱ्याच्या त्या कॉलेजात, भूगोलाच्या तासाला, मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली. मानवजात तिथंच अडकली.

महिनाअखेरीस सर निवृत्त होणार होते. उभ्या नोकरीत त्यांना एकाही विद्यार्थ्यानं प्रश्न विचारला नव्हता. 'सर, माझी हजेरी लागली का?' हा सोडून. तास रंजक करा, मुलांना बोलतं करा, असं फर्मान वरून आलं होतं खरं. पण ते नसतं तरी सरांना जाता जाता एक प्रश्न हवाच होता.

"विचारा की काहीतरी!" ते जवळजवळ विनवणीच्या सुरात म्हणाले.

मेढ्याची दीपमाला उठली. "आवं सर, इचारलं असतं. पर तुमाला न्हाई आलं तर? चारचौघांत कसं दिसंल ते?"

सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. म्हणजे इतकी वर्षं सर ज्याला मठ्ठपणा समजत होते, ती माया होती. सरांनी हातातला खडू ठेवून दिला. मग म्हणाले, "बाकं बाजूला सरकवा."

मधली फरशी मोकळी झाली.

"दीपमाला, तू कृष्णा. वाईकडून ये. शिवतेज, तू कोयना. कराडला दोघांनी समोरासमोर भेटायचं आणि एका वाटेनं सांगलीला जायचं."

सरांना भूगोल तोंडपाठ होता. विशीचं वय हा विषय त्यांच्याकडे कधी नव्हता. शिवतेजचे कान लाल झाले.

"ए कोयने, दमानं ये की!" पोरांत हशा पिकला.

"धरणाची दारं लावा रं, गडी लय जोरात सुटलाय!"

दोघं हातभर अंतर राखून, जमिनीकडे बघत कराड ओलांडून आली. इतक्या संकोचानं दोन नद्या कधी मिळाल्या नसतील.

दाराशी साक्षी बसली होती. ती सांगलीची, इथं होस्टेलवर राहणारी. "मी सांगली. हितंच थांबा," ती म्हणाली.

हसणं विरलं.

"आमच्याकडं पुरात नदी रस्त्यानं येत न्हाई, सर. आदी मोरीतनं वर येती. उलटी. आई भांडी घासत असती, आन् पायाला गार लागतं."

फळ्यावर ऊन हेलकावत होतं. सरांना वाटलं, फरशीवरून खरंच पाणी सरकतंय, बाकांचे पाय भिजताहेत, भिंतीवरचे नकाशे सुटून तरंगताहेत. आणि आपण जन्मभर नुसती नदीची लांबी सांगत आलो.

"सर," साक्षी म्हणाली, "आमचं घर बुडायचं का न्हाई, हे नेमकं कोण ठरवतं? पाऊस, धरण, का आनि कोण?"

आला. प्रश्न आला.

"मला नाही गं माहीत," सर म्हणाले, आणि चष्मा काढून पुसू लागले. कुणालाच ते वाईट दिसलं नाही.

"आवं, मग आमच्या लोणंदला पाऊसच न्हाई, ते कोण ठरवतं?" भिंतीकडून कुणीतरी विचारलं. त्यावर तिसरं कुणी, त्याला आडवं चौथं. वर्ग खळाळू लागला. चष्म्याविना सगळे चेहरे पाण्यातल्यासारखे हलत होते, आणि सर त्यात सुखानं वाहत चालले होते.

तेवढ्यात मधोमध एक हात वर झाला. शिवतेजचा.

"बोल बाळ, बोल! मोकळेपणानं विचार!"

"सर, जरा खाली बसू का? कोयना कवाधरनं उभी हाय."