इंजिन थंड होईपर्यंत

जुनी गाडी बघायला गेलं की माणसं आधी रंग बघतात, मग काचा वरखाली करतात, मग आत बसून उगाच स्टिअरिंग फिरवतात. शंकासुराचं तसं नव्हतं. तो सरळ पुढे जायचा, बॉनेटवर तळहात टेकवायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. विकणाऱ्याला वाटायचं, हा काही मंत्रबिंत्र पुटपुटतोय की काय. मंत्र कसला आलाय, इंजिन गार आहे की गरम एवढंच तो बघत असायचा. गरम लागलं की हात काढायचा, 'येतो' म्हणायचा आणि चालू लागायचा. त्याचं म्हणणं असं, की गरम इंजिन गोड बोलतं आणि गार इंजिन खरं बोलतं. आतली साखळी सैल असेल, तेल जळत असेल, तर ते पहिल्या चावीला कळतं. एकदा का गाडी तापली की सगळे रोग पोटात घालून ती शहाण्यासारखी गुरगुरत बसते.

शंकासुर हे नाव मेव्हण्याने ठेवलेलं, आणि ते असं चिकटलं की बायको सोडली तर बाकी सगळे त्याच नावाने हाक मारायचे. त्याने जन्मभर लिफ्ट तपासल्या. इमारत कितीही उंच असो, मालक कितीही मोठा असो, याने दोर बघितला, ब्रेक बघितला आणि सही केली तरच लिफ्ट हलणार. पास किंवा नापास. 'चालवून घेऊ' हा शब्द त्याच्या तोंडात कधी आला नाही. घरात माळ्यावरचं काही काढायचं असलं तरी शिडी आधी चार बाजूंनी हलवून बघायचा, आणि तोवर बायको स्टुलावर चढून ती वस्तू काढून मोकळी झालेली असायची.

बायको तशीच होती, काय करणार. तिने नोकरीभर अँब्युलन्स चालवली. डेपोत तिला सायरनबाई म्हणायचे. निवृत्त झाली त्याच आठवड्यात तिने जेवताना जाहीर केलं, "मला स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. दोन सीटची. जुनी असली तरी हरकत नाही." लेकीला ठसका लागला. मेव्हण्याने फोनवर इतका वेळ हसून घेतलं की शेवटी तिनेच फोन ठेवून दिला. शंकासुर मात्र हसला नाही. तो एवढंच म्हणाला, "इंजिन मी बघणार."

आणि मग त्याने जे बघणं सुरू केलं त्याला तोड नाही. एका गाडीचा धूर निळसर होता, नापास. एकीच्या तेलाच्या झाकणाखाली सायीसारखा थर होता, म्हणजे तेलात पाणी, नापास. एकीचं इंजिन झकास होतं, पण मालक फार बोलत होता, म्हणून तीही नापास. सायरनबाई दर वेळी नुसतं 'बरं' म्हणायची आणि परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत बसायची.

त्या सकाळी निघताना मात्र ती म्हणाली, "अहो, ही शेवटची हां. ही नाही जमली तर मी नाद सोडला. रागाने नाही सांगत."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागावर याच्याकडे औषध होतं. शांतपणे बोलण्यावर नव्हतं. ही बाई एकदा सोडते म्हणाली की सोडते, पुन्हा त्याचं नावही काढत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

गाडी विकणारे गृहस्थ पोहण्याचे मास्तर. सत्तरी ओलांडलेले, खांदे अजून दारात न मावणारे, पण गुडघे पार गेलेले. विकण्याचं कारण त्यांनी आल्याआल्याच सांगून टाकलं. "आत बसतो मी झोकात. बाहेर पडायला सुनेला बोलवावं लागतं. परवा शेजाऱ्यांच्या देखत हातापायांवर रांगत बाहेर आलो, तेव्हा म्हटलं, आता पुरे."

अंगणात गाडी उभी होती. गर्द हिरवी, बुटकी, कमरेइतकीही उंच नाही. सायरनबाई फाटकातच थबकली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते शंकासुराने बघितलं आणि मुद्दाम नजर वळवली. मग तो पुढे झाला आणि बॉनेटवर हात ठेवला.

चांगलंच गरम होतं.

त्याने हात काढला. "येतो आम्ही," म्हणाला.

"अहो, पण काय झालं?" मास्तरांना काही उमगेना.

"इंजिन गरम आहे."

"मग? असणारच. तुम्ही येणार म्हणून मीच तापवून ठेवलंय."

घ्या. चोराने आपण होऊन पावती द्यावी तसं झालं. शंकासुर बायकोकडे वळला, तर ती तिथून हलायला तयार नव्हती. तेवढ्यात आतून मास्तरांची सून आली. मास्तरांना कमी ऐकू यायचं, म्हणून ती सगळं खणखणीत आवाजात बोलायची. "सकाळपासून उभे आहेत तिच्याजवळ. मी म्हटलं, पाहुणे गाडी बघायला येतायत, तुम्हाला नाही. आंघोळ तरी करा."

शंकासुराने मग मास्तरांना आपला हिशोब समजावून सांगितला. गरम इंजिन कोण दाखवतं आणि का दाखवतं, सगळं. मास्तर ऐकत गेले आणि त्यांचे कान लाल होत गेले. रागावण्याऐवजी ते ओशाळले. "साहेब, हे मला माहीतच नव्हतं. अंग मोकळं केल्याशिवाय मी कधी कुणाला पाण्यात उतरू दिलं नाही. पाहुण्यांपुढे हिला तशीच आखडलेली कशी उभी करायची, असं वाटलं." मग जरा थांबून म्हणाले, "एक करा. थांबा. होईल तितका वेळ होऊ दे, गार होऊ दे तिला. जेवा इथेच. संध्याकाळी तुमच्या हाताने चावी फिरवा."

फसवणारा माणूस थांबा म्हणत नाही, एवढं शंकासुरालाही कळत होतं. शिवाय सायरनबाई तोवर चपला काढून पायरीवर बसलीसुद्धा होती.

आता इंजिन गार होण्याची वाट बघणं हे काही काम नव्हे. पण शंकासुर रिकामा बसणाऱ्यातला नाही. त्याने मास्तरांकडून जुनी चटई मागून घेतली आणि गाडीखाली सरकला. दोष काढायलाच सरकला होता, खोटं कशाला बोला. पण जसजसा बघत गेला तसतसं काढायला काही सापडेना. कुठे तेलाचा थेंब नाही. रबरी नळ्या मऊ आणि शाबूत. आणि बोल्ट! इतक्या वर्षांच्या गाडीच्या बोल्टांची डोकी झिजून गोल झालेली असतात, कारण घाईत हाताला लागेल तो पाना लोक लावतात. इथे एकेका बोल्टचे कोपरे जसेच्या तसे होते. दर वेळी योग्य मापाचाच पाना लागला होता. वरून कुणाला दिसणार नाही, कुणी विचारणार नाही, अशा जागी माणसाने इतकं नीट वागावं, याचं त्याला फार कौतुक वाटलं. लिफ्टच्या मशीनच्या हजार खोल्यांत तो हेच शोधत फिरला होता आणि क्वचित त्याला सापडलं होतं.

"कुठे शिकलात?" त्याने खालूनच ओरडून विचारलं.

"शिकलो कुठे? जिवाला लागली होती," मास्तर म्हणाले. "आठवड्यातून एकदा लांब न्यायची. नुसती दारात सुरू करून बंद नाही करायची, त्याने इंजिन आजारी पडतं. आणि तापमानाचा काटा वर चढल्याशिवाय कधी दामटायची नाही."

जेवणं झाली. मास्तर खुर्चीत आणि सायरनबाई ड्रायव्हरच्या सीटवर, अशा दोघांच्या गप्पा रंगल्या. शंकासुर पुन्हा चटईवर आडवा होता, त्यामुळे तो तिथे आहे हे बहुधा ती विसरली.

मास्तरांनी मोठ्याने विचारलं, "ताई, आयुष्यभर एवढी गाडी चालवलीत. अजून हौस फिटली नाही?"

"चालवली कुठे हो मास्तर," ती म्हणाली. "पोचवली. कान सगळे मागे असायचे. मागचा माणूस कण्हतोय ना, नर्स काही म्हणतेय का, आणि डोक्यावर सायरन. इतकी वर्षं स्टिअरिंग धरलं, पण इंजिनाचा आवाज कसा असतो ते मला माहीतच नाही. तो एकदा ऐकायचाय."

गाडीखाली शंकासुराच्या हातातलं फडकं थांबलं. एका घरात राहून इतकी वर्षं गेली आणि हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. कारण विचारलंच नव्हतं. त्याने फक्त इंजिनांची चौकशी केली होती.

उन्हं कलली. त्याने बॉनेटवर हात ठेवला. गार. मास्तरांनी किल्ली पुढे केली, त्याने ती बायकोच्या हातात दिली आणि स्वतः मागे सायलेन्सरपाशी जाऊन उभा राहिला.

तिने चावी फिरवली. आतून खडखड असा आवाज आला, डब्यात खिळे हलवावेत तसा. क्षणभरच. मग तेल वर चढलं, आवाज विरला आणि इंजिन लयीत लागलं. धूर नव्हता.

मास्तर खूश. "बघा, कशी मस्त सुरू झाली."

"तो खडखडाट?" शंकासुराने विचारलं.

"कसला खडखडाट?" पाण्यात आयुष्य गेलेल्या मास्तरांच्या कानांपर्यंत तो कधी पोचलाच नव्हता. सूनच दारातून म्हणाली, "तो नेहमीचाच आहे. मला वाटलं, तिची सवयच असेल."

मास्तरांचा चेहरा असा पडला की बघवेना. शंकासुराला आवाज ओळखीचा होता. साखळी ताणून धरणारा पुर्जा थकला होता. बदलला तर गाडी वर्षानुवर्षं चालेल, नाही बदलला तर एखाद्या दिवशी साखळी उडेल आणि इंजिन जागच्या जागी बसेल. साखळीचं आत किती नुकसान झालंय, हे उघडल्याशिवाय देवालाही सांगता आलं नसतं. म्हणजे सगळ्यांसमोर, अगदी रीतसर, नापास म्हणायला त्याला कारण मिळालं होतं.

आणि नेमकं तेव्हाच त्याच्या लक्षात आलं की तो आवाज ऐकल्यावर त्याला बरं वाटलं होतं.

त्याला स्वतःचीच लाज वाटली. सगळे त्याच्याकडे बघत होते. सायरनबाईने इंजिन बंद केलं. "काय म्हणता?" तिने विचारलं, आणि 'बरं' म्हणायला तयार होऊन बसली.

तो तिच्या खिडकीपाशी आला. गाडी इतकी बुटकी की त्याला गुडघ्यांवर बसावं लागलं. "अगं," तो म्हणाला, "इंजिनाचं काय, ते दुरुस्त होतं. मला भीती इंजिनाची नव्हतीच. तू ड्यूटीवर असायचीस तेव्हा सायरन कुठेही वाजला तरी माझा जीव टांगणीला लागायचा. निवृत्त झालीस आणि मी सुटलो. आता पुन्हा तू वेगाने कुठेतरी जाणार, म्हणून मी सगळ्या गाड्यांना नावं ठेवत बसलो."

मास्तर आणि सून, दोघंही एकदम अंगणातल्या कुंड्या बघायला लागले.

"माहीत आहे मला," सायरनबाई म्हणाली.

"माहीत आहे?"

"जिचा मालक फार बोलत होता ना, ती नापास केलीत तेव्हाच कळलं. म्हटलं, होईल तुमच्या मनाची तयारी. नाही झाली, तर नाही." तिने शेजारच्या सीटवर थाप मारली. "बसा. एक चक्कर तरी मारू."

मास्तरांनी फाटक उघडलं. शंकासुर पाय दुमडून कसाबसा आत शिरला, पट्टा बांधला, ओढून बघितला आणि दाराची कडी घट्ट धरली. इतक्या वर्षांत सायरनबाई चालवत असताना तो तिच्या शेजारी कधी बसलाच नव्हता. घरची गाडी नेहमी हाच चालवायचा, आणि अँब्युलन्समध्ये घरच्यांना जागा नसते. ती वाऱ्यासारखी, जिवावर उदार होऊन चालवत असणार, असंच त्याने मनाशी धरून ठेवलं होतं.

तिने गाडी रस्त्यावर घेतली. पहिलं वळण आलं आणि गेलं, याला कळलंही नाही. ब्रेक कधी लागला, कधी सुटला, पत्ता नाही. खड्डा दिसायच्या आधी गाडी त्याच्या बाजूने निघून गेलेली असायची. समोरून सायकलवाला आला, तो आपल्या नादात होता, आणि तिने त्याच्यासाठी आधीच जागा करून ठेवली होती. मांडीवर काठोकाठ भरलेलं पातेलं असतं तरी सांडलं नसतं. अरे, मागे हाडं मोडलेली माणसं घेऊन ही अशी चालवत होती तर, त्याच्या मनात आलं. मी घरात घाबरून बसायचो तेव्हा ही असं काम करत होती. त्याच्या हातातून दाराची कडी केव्हा सुटली, त्यालाही कळलं नाही.

गाव मागे पडलं. रस्ता सरळ आणि मोकळा झाला. मास्तरांनी सांगितलेला काटा वर चढला होता. सायरनबाईने एकदा त्याच्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, आणि पाय दाबला. इंजिनाचा सूर खालून वर असा चढत गेला की शंकासुराच्या अंगावर काटा आला. ती मान किंचित कलती करून ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते आणि हात स्टिअरिंगवर तसूभरही हलत नव्हते.

"ही घेऊ या," तो म्हणाला. "आधी साखळीचं काम करू. आत काही निघालंच, तर तेही बघून घेऊ."

तिने मान डोलावली. मग पुढे रुंद वळण आलं तसा तिने वेग कमी केला. "मास्तर वाट बघत असतील. वळवू का?"

शंकासुराने समोरच्या रस्त्याकडे बघितलं.

"अजून जरा पुढे जाऊ," तो म्हणाला.