माझ्या पोटावरचं हिरवं पान

“पप्पा, जुने डबे जातात कुठं?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, “दम असंल तर घरात इचार!” म्हणून पारमितानं विचारलं. मित्रांनो, तो प्रश्न माझ्याबद्दल होता. ऐकून मला तोंड लपवावंसं वाटलं.

मी एक जुना साउंडबॉक्स आहे. फोनवरून पैसे आले की आकडा ओरडून सांगणारा. निपाणीत सगळे मला डबाच म्हणतात. पारमिताचे पप्पा बँकेचे असे डबे दुकानोदुकानी बसवतात. मला त्यांनी भरमूअण्णांच्या चहाच्या गाड्यावर बसवलं. काय ती ऐट! पोटावर हिरवं पान आणि खाली ‘कागद वाचवा, झाड वाचवा’. मी कन्नडात ओरडलो की भरमूअण्णा म्हणायचे, “हळू रं, आख्खं स्टँड दचकलं!” मला वाटायचं, आंबोलीची निम्मी झाडं माझ्याच जिवावर उभी आहेत.

दोन वर्षांत नवा डबा आला. मी चांगला चालू होतो हो! नव्याला रंगीत दिवे होते, एवढंच. जुने डबे बेळगावला बँकेत परत द्यायचे असतात. पप्पांनी मला न्हाणीमागच्या पोत्यात टाकलं. आत माझे एकोणीस भाऊ आधीच होते. पावसात आमच्या बॅटऱ्या फुगल्या, फुटल्या. पोत्याखालून काळं पाणी झिरपलं, ते थेट पारमिताच्या आईच्या अळवात. अळू जळून गेलं. पान मिरवणारा मी, पानांच्याच मुळावर उठलो!

पारमिताचा प्रश्न ऐकून पप्पा हसले. “एकेका डब्याला अर्ज, फोटो, सही. कोण जातंय गं बेळगावला?”

“आन् परवा बँकेत तुमचा सत्कार? झाडं वाचवली म्हणून?”

हसू विरलं. आई कळवळून म्हणाली, “गप बस गं. बँकेच्या साहेबाला कळलं तर काम जाईल पप्पांचं.”

पारमिता तडक न्हाणीमागं गेली. तिनं मला उचललं. तिच्या बोटांना माझी काळी घाण लागली. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती. मित्रांनो, आमच्यावरचं पान बघून भुलू नका. टाकून दिल्यावर आम्ही कुठं जातो, तेही विचारा.

पोतं ओढत ती दारात आली.

“पप्पा, आई, ऐका. परवा सत्काराला मी येणार, ह्ये पोतं घेऊन. पप्पा, तुमी खरं सांगितलं तर तुमच्या शेजारी उभी राहीन. न्हाय सांगितलं, तर मी सांगणार.”