दोन पायऱ्या

“मामा, आजचा पाठ बदललाय बरं का,” पाळकसाहेबांनी त्यांना चर्चच्या दारातच गाठलं. “आपल्या चर्चचे जुने पहारेकरी पहाटे वारले. त्यांना आवडायचं ते छोटं स्तोत्र वाचू या. आईजवळ निवांत बसलेल्या लेकराचं. पुस्तकात खूण घालून ठेवलीय.”

“हो हो, वाचतो की,” मीटरमामा म्हणाले खरे.

पाणीखात्यात छत्तीस वर्षं त्यांनी घरोघरचे मीटर वाचले होते, म्हणून ते मीटरमामा. खड्ड्यात वाकून, झाकण उचलून, काचेवरचा चिखल अंगठ्याने पुसून वाचलेला आकडा कधी चुकला नाही, आणि रविवारचा शास्त्रपाठही तीस वर्षांत कधी अडखळला नाही. या दोन गोष्टींचा त्यांना ताठा होता. तसा तिसऱ्याही एका गोष्टीचा होता. देवाकडे त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. प्रार्थनेत आभार मानून ते मोकळे होत. उगीच त्याच्या डोक्याला ताप कशाला, म्हणत. मामी त्यावर विचारत, “तो काय तुमच्या खात्यातला साहेब आहे, अर्ज केला की खेकसायला?”

वर्षभरापासून त्यांच्या डोळ्यांचं काही खरं नव्हतं. कडेकडेचं दिसे, मधलं नेमकं नाहीसं होई. डॉक्टरांनी हात टेकले होते. घरात मात्र मामांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. उलट एक नामी युक्ती काढली होती. मामी शाळेत गेल्याच नव्हत्या, पन्नाशीत कशीबशी अक्षरं शिकल्या होत्या. “तुझं वाचन फार कच्चं आहे, सराव कर,” असं म्हणून मामा त्यांना सोमवारपासून रोज रविवारचा पाठ वाचायला बसवत. मामी ओळीखाली बोट धरून एकेक शब्द ओढून काढत, आणि वर मामाच त्यांना दटावत, “घाई करू नकोस. बोट आहे तिथंच थांब.” शनिवारपर्यंत मामांचा पाठ तोंडपाठ होई. रविवारी पुस्तकावर नजर लावून ते घडाघडा म्हणून टाकत. या वयातही काय नजर आहे, असं मंडळी म्हणे.

छत्तीस वर्षं उन्हातान्हात हिंडून मामा थकले नव्हते तेवढे या एका वर्षाच्या लपवालपवीने थकले होते. बाकावर टेकलं की वाटे, आता उठूच नये.

आज तर पहिल्या बाकावर बसल्या बसल्या त्यांना घाम फुटला. मामी शेजारीच होत्या. त्यांच्या कानात सांगता आलं असतं. घसा बसला म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण जीभ रेटेना. गाणं संपलं. मामा उठले, वेदीजवळच्या दोन पायऱ्या सवयीने चढले आणि चष्मा पुसून पुस्तकातल्या खुणेवर हात ठेवून उभे राहिले. पानाच्या मधोमध नुसतं राखाडी धुकं होतं. आठवडाभर घोकलेला पाठ ओठांवर तयार होता, त्याचं पहिलं वाक्य त्यांनी म्हटलंसुद्धा. मग पहाटे गेलेला पहारेकरी त्यांना आठवला. त्याच्या वाट्याच्या तीन ओळीही आपण बुडवायच्या, हे त्यांना सहन होईना. ते थांबले.

मंडळीत कोणीतरी खोकलं. मामांनी मान खाली घातली आणि ते स्वतःशीच पुटपुटले, “देवा, मला दिसत नाही रे. तूच काहीतरी कर.”

माइक चालू असल्याचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. आयुष्यातलं त्यांचं पहिलं मागणं सगळ्या चर्चने ऐकलं.

शरमेने त्यांचे कान तापले. तेवढ्यात पायऱ्यांवर ओळखीची पावलं वाजली. मामी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माइकवर तळहात धरला. चार माणसांत त्यांनी कधी वाचलं नव्हतं.

“मी वाचते. तुम्ही माझ्यामागून म्हणा.”

“तुला ठाऊक होतं?”

“सहा-सहा दिवस एकच पान वाचून घेता. मला काय वेडी समजलात?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी बोलताय त्याची वाट बघत होते.”

मामींनी हात काढला आणि ओळीखाली बोट धरलं. त्या एक शब्द वाचत, मामा तो मागून म्हणत. मध्येच अंदाजाने मामा पुढे धावले, तसं मामींनी त्यांना अडवलं. “घाई करू नका. बोट आहे तिथंच थांबा.”

मामा थांबले. तेवढ्याशा स्तोत्राला पाच मिनिटं लागली, आणि कोणीही खोकलं नाही. मामांना रडू येत होतं आणि फार दिवसांनी बरंही वाटत होतं.

पुस्तक मिटलं. “दोन पायऱ्या आहेत,” मामी हळूच म्हणाल्या.

तीस वर्षं मामा त्या पायऱ्या न बघता उतरत आले होते. तरी ते थांबले, आणि त्यांनी हात पुढे केला.